वाचक विचारतात : वॉटरलू काउंटीचा सातबारा

मागच्या अंकात कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉटरलू काउंटीतल्या (किचनर शहराजवळच्या) सेंट जेकब्स गावचा फोटो छापला होता, पार्किंगमधे चारचाकींच्या शेजारी काळी बग्गी आणि तिला जुंपलेला घोडा, खाली माझ्या दोनच ओळी. त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळची सगळी पानं त्यालाच देतेय. कारण उघड आहे, कोल्हापुरात आता गल्लीत एखादं तरी घर निघतंच ज्यांचं पोरगं नाहीतर पोरगी ऑन्टारिओत शिकायला आहे. माझी लेकही तिकडंच नोकरीला असते म्हणून माझं येणंजाणं होतं, आणि जाईल तिथं जमिनीचे जुने कागद विचारत बसायची मला खोड आहे, वडील तलाठी होते त्याला काय इलाज नाही.

ताई, मुलगा किचनरला कॉनेस्टोगा कॉलेजात आहे. तो म्हणतो बाजारात ह्या बग्गीवाल्या बायका बटाटे, जॅम, लोणची विकतात, अंगात साधे लांब झगे, डोक्यावर टोपी. एवढ्या श्रीमंत देशात हे लोक असे मागे का राहिले? गरीब आहेत का?
— एक आई, राजारामपुरी

काकू, गरीब अजिबात नाहीत ओ. त्या बग्गीच्या मागं शंभरभर एकर काळी जमीन आणि गोठाभर गायी असायची शक्यता दाट, तेव्हा कीव करायच्या भानगडीत पडू नका.

हे मेनोनाइट लोक. १५२५ च्या सुमाराला स्वित्झर्लंडमधे झुरिकला काही ख्रिश्चनांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या पोराला द्यायचा नाही, माणूस मोठा झाला, त्याला कळायला लागलं की मग त्यानं स्वतःहून घ्यायचा. शिवाय हत्यार उचलायचं नाही आणि शपथ घ्यायची नाही. एवढ्यावरनं त्यांना जाळलं, नदीत बुडवलं. मेनो सायमन्स म्हणून नेदरलँड्सकडचा पाद्री त्यांचा पुढारी झाला, त्याच्यावरनं नाव पडलं. पुढं विल्यम पेनच्या पेनसिल्व्हेनियात जागा मिळाली, तिथं तीनचार पिढ्या राबले, मग अमेरिका स्वतंत्र झाली, जमीन महागली, लढाईत भाग घेतला नाही म्हणून शेजारीपाजारी वाकड्या नजरेनं बघायला लागले. वर इंग्रजांच्या ताब्यातल्या अपर कॅनडात, म्हणजे आताच्या ऑन्टारिओत, १७९३ च्या कायद्यानं त्यांना दंडवजा रक्कम भरून लष्करातनं सुटका मिळत होती. मग निघाले वॅगन जुंपून, १८०० साली जोसेफ शेर्क आणि सॅम्युअल बेट्झनर ही पहिली दोन कुटुंबं ग्रँड नदीच्या काठावर पोचली.

आणि सगळे मेनोनाइट बग्गीत बसत नाहीत हे मुलाला नक्की सांगा. बहुतेक जण आता तुमच्याआमच्यासारखेच, जीन्स, आयफोन, सगळं. १८८९ ला तिथं फूट पडली, रविवारची शाळा, इंग्रजी प्रवचनं असल्या नव्या गोष्टी नको म्हणणारे वेगळे झाले, ते ओल्ड ऑर्डर. त्यांच्यातनं १९३९ ला आणखी एक गट फुटला, त्यांनी मोटार घेतली पण काळीच, आणि पूर्वी तर तिचं चकचकीत बंपरसुद्धा काळ्या रंगानं रंगवून टाकायचे, दिखावा नको म्हणून! ओल्ड ऑर्डरच्या बऱ्याच शेतांवर ट्रॅक्टर दिसतो, फोन असतो, पण मोटार नाही. मला आधी हे ढोंग वाटायचं. नंतर एका बाईंनी बाजारात सरळ सांगितलं की घोडा जेवढ्या लांब जाऊन परत येतो तेवढ्यातच आमचं देऊळ, शाळा, नातेवाईक, मोटार आली की पोरं पन्नास किलोमीटरवर राहायला जाणार आणि मग कोठार जळालं तर बांधायला येणार कोण. कोठार खरंच असंच बांधतात, आग लागली की सगळी वस्ती जमते आणि लाकडी सांगाडा बघता बघता उभा राहतो. विम्याचा कागद नाही आणि सरकारी पेन्शनही नको म्हणून रीतसर सूट मागून घेतलेली. शाळा त्यांची स्वतःची, आठवीपर्यंत. त्या आठवीबद्दल माझं मत चांगलं नाही, विशेषतः पोरींच्या बाबतीत, पण ते पुन्हा कधीतरी.

जंगल तोडून शेती केली असं सगळीकडं लिहिलेलं असतं. पण जंगल तरी कुणाचं होतं? खरेदीखत झालं होतं का?
— निवृत्त महसूल कर्मचारी, कागल

काका, तुम्ही माझ्या माहेरचे निघालात! हाच प्रश्न तिथल्या म्युझियममधे विचारला की आधी सगळे जरा गप्प होतात, मग कोणीतरी जुना नकाशा काढतं.

तर पहिली नोंद १७८४ ची. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, केयुगा, सेनेका, टस्करोरा या सहा आदिवासी राष्ट्रांच्या संघातले बरेच जण इंग्रजांच्या बाजूनं लढले, इंग्रज हरले, आणि तह करताना या दोस्तांची न्यूयॉर्ककडची सगळी भूमी अमेरिकेला देऊन मोकळे झाले, त्यांना विचारलंसुद्धा नाही. भरपाई म्हणून क्युबेकचा गव्हर्नर फ्रेडरिक हाल्डिमंडनं २५ ऑक्टोबर १७८४ ला फर्मान काढलं की ग्रँड नदीच्या दोन्ही बाजूला सहा सहा मैल, मुखापासून उगमापर्यंत, ही जमीन यांची आणि यांच्या वंशजांची. साधारण साडेनऊ लाख एकर. त्याच्याही आधी तिथं अटावांदारॉन लोकांची गावं होती, ती सतराव्या शतकातच मोडली, आणि इंग्रजांनी हा पट्टा मिसिसागा नावाच्या दुसऱ्या आदिवासींकडनं घेऊन मग पुढं दिला, म्हणजे मूळ मालक शोधत गेलं की फेरफारावर फेरफार.

मोहॉकांचा पुढारी जोसेफ ब्रँट, मूळ नाव थायेनडेनेगा. शिकार संपत चालली, माणसं गरिबीत, उत्पन्नाचं साधन पाहिजे म्हणून त्यानं वरच्या अंगाचे मोठमोठे तुकडे विकायला काढले. त्यातला ब्लॉक नंबर दोन, ९४,०१२ एकर, रिचर्ड बीझली नावाच्या व्यापाऱ्यानं भागीदार घेऊन उचलला. पैसे रोख कुठले, जमीनच तारण, व्याज सहा राष्ट्रांना द्यायचं असा व्यवहार. आणि या बीझलीसाहेबांनी कर्ज फिटायच्या आधीच त्यातले तुकडे पेनसिल्व्हेनियाच्या मेनोनाइटांना विकले, बोजाचा शब्द न काढता. बिचारे धार्मिक लोक, पैसे मोजले, झाडं पाडली, घरं बांधली आणि मग कळलं की इतर हक्कात गहाण आहे, आपल्याला दिलेल्या कागदाला काडीची किंमत नाही. तुम्ही असली प्रकरणं कागल तालुक्यात किती बघितली असतील!

पण यांनी कोर्टात तोंड फोडून घेतलं नाही. सॅम ब्रिकर आणि आणखी काही जण परत पेनसिल्व्हेनियाला गेले, भाऊबंदांना गोळा केलं, जर्मन कंपनी काढली आणि १८०३ ला करार केला, ६०,००० एकर १०,००० पौंडाला, त्यातनंच बोजा उतरवायचा. पैसे चांदीच्या नाण्यांत, पिंपात भरून घोडागाडीतनं आणले असं तिथं अजून कौतुकानं सांगतात. १८०५ ला जमीन नावावर झाली. त्याचे ४४८ एकरांचे १२८ तुकडे आणि ८३ एकरांचे ३२ पाडले, गुणाकार करून बघा, बरोब्बर ६०,००० येतात, एक गुंठा इकडंतिकडं नाही.

आता माझा मुद्दा. ही गोष्ट तिथं नेहमी मेनोनाइटांच्या फसवणुकीची आणि जिद्दीची म्हणून सांगतात, आणि ती आहेच जिद्दीची. पण ज्यांना व्याज आणि पैसे मिळायचे होते त्यांचं पुढं काय झालं ते मात्र दुसऱ्या कपाटात! सहा राष्ट्रांच्या जमिनीचे पैसे सरकारनं विश्वस्त म्हणून सांभाळायचे होते, त्यातला मोठा भाग ग्रँड रिव्हर नॅव्हिगेशन कंपनी नावाच्या बोटींच्या धंद्यात घातला, त्यांची परवानगी न घेता, आणि ती कंपनी बुडाली. आज साडेनऊ लाखांतले पाच टक्केसुद्धा त्यांच्याकडं नाहीत, ब्रँटफर्डजवळ ४६,००० एकरांच्या आसपास. हिशोब द्या म्हणून १९९५ ला त्यांनी कॅनडा आणि ऑन्टारिओ सरकारवर दावा लावला. २००६ ला कॅलेडोनियात घरांची स्कीम चालू झाली तेव्हा त्यांची माणसं त्या प्लॉटवर जाऊन बसली, रस्ते अडवले, महिनोन्महिने ते चाललं. एप्रिल २०२१ ला त्यांच्या पारंपरिक प्रमुखांनी या पूर्ण पट्ट्यात आमच्या संमतीशिवाय बांधकाम नको असं जाहीर केलं. कॉलेजं, विद्यापीठं हल्ली कार्यक्रमाच्या सुरवातीला ही हाल्डिमंडनं सहा राष्ट्रांना दिलेली जमीन आहे असं म्हणतात, तुमच्या ओळखीतल्या पोरांना ते ऐकून पाठ असेल, अर्थ विचारा म्हणावं.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा का?
— नववीतला विद्यार्थी, इचलकरंजी

जवळपास. गावं आणि टाउनशिप मिळून काउंटी, तिची कौन्सिल, कौन्सिलचा प्रमुख तो वॉर्डन. वॉटरलू काउंटी १८५३ ला वेगळी झाली, मुख्यालय बर्लिनला (आताचं किचनर) मिळालं म्हणून गॉल्टवाले स्कॉटिश लोक बरेच दिवस धुसफुसत होते. १ जानेवारी १९७३ ला ती मोडून रीजन ऑफ वॉटरलू केलं, गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर एकत्र करून केंब्रिज नावाचं शहर झालं, आणि शेतीचा भाग वूलविच, वेलस्ली, विल्मट, नॉर्थ डम्फ्रीज या चार टाउनशिपमधे राहिला. म्हणजे कागदावर काउंटी नाही, म्हातारी माणसं अजून काउंटीच म्हणतात, मी पण.

किचनर म्हणजे लॉर्ड कर्झनशी भांडलेला तोच सेनापती ना? त्याचा त्या गावाशी काय संबंध?
— इतिहासाचा विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

तोच रे भावा. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता, त्याच्याशी झालेल्या वादात कर्झनला राजीनामा द्यावा लागला. आणि गावाशी संबंध म्हणशील तर शून्य!

गावाचं नाव १८३३ पासून बर्लिन. मेनोनाइटांच्या मागोमाग युरोपातनं जर्मन कारागीर आले, लुथरन होते, कॅथलिक होते, त्यांनी फर्निचरचे, चामड्याचे, बटणांचे कारखाने काढले, रस्त्यावर जर्मन, पेपर जर्मन, गाण्याचे जलसे जर्मन. व्हिक्टोरिया पार्कमधे कैसर विल्हेल्मचा अर्धपुतळा होता, म्हणजे राणीच्या नावाच्या बागेत राणीचाच नातेवाईक, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. ऑगस्ट १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि पोरांनी तो पुतळा काढून तळ्यात टाकला. लोकांनी तो वर काढून कॉन्कॉर्डिया क्लबात नेऊन ठेवला, तर फेब्रुवारी १९१६ मधे तिथल्याच ११८ व्या बटालियनच्या सैनिकांनी क्लब फोडून पुतळा पळवला. मग गावाचं नाव बदला अशी ओरड सुरू झाली, बर्लिनचा माल कोण घेणार असं कारखानदारही म्हणायला लागले. मे १९१६ मधे मतदान झालं, बदलाच्या बाजूनं १,५६९ आणि विरोधात १,४८८. ८१ मतांनी गेलं नाव. तेवढ्यात जूनमधे किचनरची बोट सुरुंगाला लागून बुडाली, तो गेला, पेपरांत सगळीकडं तोच, आणि १ सप्टेंबरला गावाला त्याचं नाव लागलं. याच किचनरनं बोअर युद्धात बायकापोरांना छावण्यांत कोंडलं होतं, हजारो मेली, आणि हत्यार न उचलणाऱ्यांनी वसवलेल्या गावाला त्याचं नाव! दैवाचे खेळ म्हणायचे. प्रोजेक्टला विषय पाहिजे असेल तर हा घे, त्या काळातली वर्तमानपत्रं मिळतात.

गुलामगिरीतनं पळून आलेले काळे लोक कॅनडात शेती करायचे असं वाचलं. त्या भागात पण होते का?
— शिक्षिका, गडहिंग्लज

होते, आणि मेनोनाइटांच्या अगदी बांधाला बांध लावून. वॉटरलूच्या वायव्येला क्वीन्स बुश म्हणायचे त्या रानात, आताच्या वेलस्ली आणि शेजारच्या पील टाउनशिपच्या हद्दीवर, १८२० नंतर गुलामगिरीतनं सुटलेली आणि आधीपासनं स्वतंत्र असलेली काळी कुटुंबं यायला लागली. एकूण १,५०० च्या वर माणसं तिथं राबली. माउंट होप आणि माउंट प्लेझंट अशा दोन शाळा चालायच्या. पण मॅडम, ही मोजणी न झालेली जमीन. १८४० नंतर सरकारी मोजणी आली आणि सांगितलं की ज्यांना ठेवायची त्यांनी हप्त्यानं पैसे भरा. रान साफ करून दिलं यांनी, आणि त्या साफ केलेल्याच रानाची किंमत भरायची यांनीच! सरकारकडं अर्ज केले, त्यात कॅनडाच्या बाजूनं १८३७ च्या बंडात उभे राहिलो होतो हेही लिहिलं, पण काही उपयोग झाला नाही. बऱ्याच जणांना मिळेल त्या भावात हक्क सोडून ओवेन साउंड, ग्वेल्फ, बक्सटन असं पांगावं लागलं. ग्लेन ॲलन गावाजवळ ऑन्टारिओ सरकारचा माहितीफलक आहे. बीझलीनं फसवलेल्यांकडं १०,००० पौंड आणणारे भाऊबंद पेनसिल्व्हेनियात होते, यांचे भाऊबंद अजून केंटकीत, व्हर्जिनियात बेड्यांत होते, फरक पडला तो एवढ्यानंच. वर्गात ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी मांडून बघा, पोरं स्वतःच बोलायला लागतील.

आमचं गुऱ्हाळ आहे. मेपल सिरप म्हणजे काकवीच ना? दर ऐकून डोळे पांढरे झाले.
— गुऱ्हाळमालक, वडणगे

दिसायला काकवीच दादा, पण दराचं कारण ऐका. उसाच्या रसात साखर किती असते ते तुम्हाला मी सांगायला नको, मेपलच्या झाडातनं जो रस गळतो तो जवळपास पाणी, दोन टक्के साखर. ४० लिटर आटवावा तेव्हा एक लिटर सिरप. तो रसही मिळतो वर्षातनं काही आठवडे, मार्च-एप्रिलला, रात्री बर्फ आणि दिवसा ऊन असेल तरच झाड सोडतं. एल्मायराजवळच्या एका शेडमधे मी बघितलं, लांबट उथळ कढई, खाली लाकडं, वाफेनं समोरचा माणूस दिसत नाही आणि म्हातारा थर्मामीटर धरून उभा, पाणी उकळतं त्याच्यापेक्षा चारेक डिग्री वर गेलं की उतरवायचं. मी म्हटलं आमच्याकडं गुळव्या नजरेनं सांगतो, तर तो म्हणाला माझे आजोबा पण सांगायचे. मेपलचा रस आटवायचं हे ज्ञान मूळचं तिथल्या आदिवासींचं, गोऱ्यांनी त्यांच्याकडनं उचललं. एल्मायरात १९६५ पासनं सिरपची जत्रा भरते, हजारो माणसं पॅनकेक खायला येतात. आपल्या गुळाला २०१४ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तशी एखादी जत्रा हंगामात बाजार समितीनं भरवावी असं मला फार वाटतं, चहा नको, नुसती गरम काकवी आणि भाकरी.

शक्तीपीठ महामार्गाला आमचा विरोध चालू आहे. कॅनडात सरकार शेतकऱ्याची जमीन अशी घेतं का? का तिथं सगळं विचारून करतात?
— ऊस उत्पादक, भुदरगड

कसलं विचारून! मार्च २०२४ मधे विल्मट टाउनशिपमधल्या शेतकऱ्यांच्या दारात माणसं आली, सुमारे ७७० एकर रीजन ऑफ वॉटरलूला पाहिजे, हा दर, नाही दिली तर सक्तीनं संपादन. कशासाठी, तर मोठ्या कारखान्यासाठी जागा तयार ठेवायचीय, आणि कारखाना कुणाचा ते सांगायचं नाही, कौन्सिलमधली माणसं गोपनीयतेच्या करारावर सह्या करून बसलेली. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर काढले, मोर्चे निघाले, बांधाबांधावर पाट्या लागल्या. जमीन तिथली पहिल्या प्रतीची. त्या जमिनीच्या कडेच्या रस्त्याचं नाव नाफ्झिगर रोड, आणि ख्रिश्चन नाफ्झिगर म्हणजे १८२२ ला बव्हेरियातनं पायपीट करत आलेला आमिश (मेनोनाइटांतनंच फुटलेला पंथ) शेतकरी, ज्यानं गव्हर्नर मेटलँडकडं आपल्या लोकांसाठी विल्मटची जमीन मागितली होती. तेव्हा सरकारला रान साफ करणारे हात पाहिजे होते म्हणून मिळाली. आता मोकळी सपाट जागा पाहिजे. तुमच्यासाठी एक घेण्यासारखं म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी शहरातली माणसं सोबत घेतली, बाजारात भाजी घेणारी गिऱ्हाईकं मोर्चात आली. आपल्याकडं शहरातला माणूस अजून हा शेतकऱ्यांचा विषय म्हणून लांब राहतो.

मुलीला भेटायला उन्हाळ्यात जातोय. या भागात बघायचं काय, नायगरा सोडून?
— जोडपं, ताराबाई पार्क

वेस्ट माँट्रोजचा पूल बघा. १८८१ चा, लाकडी, वर घरासारखं छप्पर आणि बाजूनं फळ्या, ऑन्टारिओत असा एकच उरलाय. छप्पर माणसांसाठी नाही, खालची लाकडं पाऊस-बर्फानं कुजू नयेत म्हणून. आत अंधार, फळ्यांच्या फटीतनं उजेडाच्या पट्ट्या, आणि घोडा आत शिरला की टापांचा आवाज असा घुमतो की बोलणं थांबवावं लागतं. सेंट जेकब्सचा बाजार गुरुवारी आणि शनिवारी, सकाळी लवकर जा, आणि माणसांचे समोरनं फोटो काढू नका, त्यांना चालत नाही, फोटो हवाच असेल तर बग्गीचा काढा. किचनरमधे जोसेफ श्नायडरचं १८१६ चं घर आहे, ते तासाभरात होतं.

एक अख्खा दिवस मात्र ब्रँटफर्डला द्या. तिथं १७८५ चं मोहॉक चॅपल आहे, ऑन्टारिओत टिकलेलं सगळ्यात जुनं चर्च, जोसेफ ब्रँटची कबर तिथंच. आणि जवळच मोहॉक इन्स्टिट्यूट, आदिवासी मुलांना घरच्यांपासनं तोडून ठेवायची निवासी शाळा, १९७० पर्यंत चालू होती, पोरं तिला मश होल म्हणायची, रोज तीच पातळ लापशी मिळायची म्हणून. आता वुडलँड कल्चरल सेंटरवाले ती सांभाळतात. आत जायला मिळेल का ते आधी फोन करून विचारा. किचनरहून गाडीनं गेलेलं बरं, मुलीला सुट्टी टाकायला सांगा.